चौदा दिवस मलम बंद

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, तुमच्या नोकरीवर काहीतरी प्रेरणादायी लिहून द्या." मी तेहतीस वर्षं लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून रक्त काढलं. माझ्याकडे बघून प्रेरणा घेतलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. बहुतेकांनी माझ्याकडे बघून तोंड भिंतीकडे फिरवलं. तरी लिहिते, कारण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.

नगरजवळच्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होते. तंत्रज्ञ म्हणजे काय, हे माझ्या सासरी शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. थोरल्या जाऊबाई पाहुण्यांना सांगायच्या, "ही दवाखान्यात असते," आणि पाहुणे लगेच पाय लांब करून गुडघेदुखी सांगायला लागायचे. शुगर, हिमोग्लोबिन, टायफॉइड हे आमचं रोजचं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत मात्र मला एका संशोधनात ओढलं गेलं, आणि त्याच चार वर्षांत मी काय ते शिकले.

संशोधन होतं त्वचारोग विभागाच्या प्रमुखांचं. त्यांना मी इथे मोठे सर म्हणते. मोठे सर येण्याआधी जिन्यातून त्यांच्या अत्तराचा वास वर यायचा. पेशंटला "सुगंधी काही वापरू नका" असं बजावणारा माणूस तोच. सरांना बढती हवी होती, बढतीला शोधनिबंध हवा होता, शोधनिबंधाला रक्त हवं होतं आणि रक्त काढायला मी हवी होते. ज्याच्या अंगातून ते काढायचं तो पेशंट या सगळ्यांच्या खाली होता.

विषय होता इसब. लहानपणापासून अंगाला चिकटलेलं, जातं-येतं, जातं-येतं असं इसब. डॉक्टर त्याला अटॉपिक डर्माटायटिस म्हणतात. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत, मानेवर कातडी लाल होते, जाड होते, चिरते. खाज अशी की माणूस झोपेतही खाजवतो आणि सकाळी चादरीवर रक्ताचे डाग दिसतात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण आपल्याकडे शिकलेली माणसंसुद्धा अशा पेशंटने वापरलेला पेला वेगळा ठेवतात.

सरांना मोजायचं होतं या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधलं एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचं नाव फॉस्फोडायएस्टरेज. ते न अडखळता म्हणायला मला दोन महिने लागले. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. बाहेरून काही शिरलं की त्या चवताळतात. पण उगाच चवताळू नये म्हणून पेशीच्या आत एक रसायन असतं, ते पेशीला गप्प बसायला सांगत असतं. हे विकर त्या रसायनाचे तुकडे करतं. निरोगी माणसात ते बेताने करतं. इसबवाल्याच्या पेशीत त्याला फारच जोर असतो, त्यामुळे गप्प बसवणारं रसायन टिकत नाही, पहारेकरी घरातच आरडाओरडा करतात आणि कातडी पेटते. झालं. एवढंच सांगायला मोठ्या सरांना पासष्ट स्लाइड लागायच्या, आणि शेवटच्या स्लाइडवर त्यांचा स्वतःचा फोटो असायचा.

मोजायची पद्धतही सांगते. रक्त एका जाडसर द्रवावर हळूच ओतायचं आणि यंत्रात गरगर फिरवायचं. तांबड्या पेशी तळाला बसतात, पिवळसर पाणी वर राहतं, आणि मध्ये एक धुरकट पट्टा दिसतो, दुधावर नुकत्या धरू लागलेल्या सायीएवढा. त्याच आपल्या पांढऱ्या पेशी. तो पट्टा ड्रॉपरने उचलायचा. हात हलला की सगळं मुसळ केरात. पेशी शिळ्या झाल्या की विकर मंदावतं, म्हणून रक्त काढल्यापासून दोन तासांत काम उरकायचं. पुढच्या मोजणीसाठी तयार रसायनांचं किट मिळतं. माझा हात कधी हलला नाही. याचा मला गर्व होता आणि अजून आहे, उगाच विनय कशाला दाखवू?

कातडीतलं विकर वेगळं. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना धरून बसलेल्या असतात. काही विकरं ही धरलेली पकड कापतात, म्हणून जुनी कातडी झडते. तेही बेतानेच व्हायला हवं. सोड्याचा खारा साबण लावला की ही विकरं मोकाट सुटतात आणि कातडीला भोकं पडतात. हे तपासायला हातावर चिकटपट्टी लावायची, ओढून काढायची, आणि असं एकाच जागी दहादा करायचं. पट्टीला चिकटून आलेली कातडी तपासायची. पेशंट म्हणायचे, डॉक्टरनं पाठवलं म्हणून आलो, इथं तर साल काढतात.

त्यांच्यात कोपरगावचे एक आजोबा होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट. इसब बरं होईना म्हणून ते दिवसातून तीनदा अंघोळ करत. मी विचारलं, "साबण कोणता?"

"कपड्याची वडी," आजोबा म्हणाले.

"कपड्याची?"

"मंग? खाज म्हंजी घान. अंगाचा साबन निस्ता वासाचा. वडीनं मळ निघतो का न्हाई?"

मी त्यांना वीस मिनिटं विकरं समजावून सांगितली. आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी वडी बदलू म्हनता. निळी आनू का पिवळी?" मी हात टेकले. पण आजोबांना हसताना एक सांगितलं पाहिजे. आमच्या सरांना तरी काय वेगळं होत होतं? पुरावा समोर आला की तेही रंग बदलायलाच बघायचे.

ते असं झालं. तुलनेसाठी वीस निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. शिपाई, नर्सा, कॅन्टीनवाला, हॉस्टेलच्या वॉर्डनबाई असे एकोणीस झाले. विसावा मिळेना. तेव्हा मोठ्या सरांनी फोटोग्राफर बोलावला, बाही वर सारली आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, "निरोगी माणूस कसा असतो, बघून घ्या."

निरोगी माणसाचा आकडा आला तो थेट इसबवाल्यांच्या रांगेत. मी घाबरून सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बाई, तुमचा हात हलला." पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तोच आकडा. तिसऱ्यांदा घेतलं, तोच. आता सरांना दर हिवाळ्यात सकाळी उठल्यापासून शिंका येतात हे साऱ्या कॉलेजला माहीत होतं. आणि ज्याचा पिंड दम्याचा किंवा शिंकांचा असतो त्याच्या अंगावर पुरळ नसलं तरी पेशीत हे विकर जास्त सापडू शकतं, हे सरांनीच मला वाचायला दिलेल्या लेखात होतं. मी म्हटलं, "सर, तुम्हाला शिंका येतात ना?"

"तो एसीचा त्रास आहे," सर म्हणाले.

नमुना क्रमांक वीस रद्द झाला. कारणाच्या रकान्यात 'तंत्रज्ञाची चूक' असं लिहायला लावलं आणि खाली सही माझी. पुढे नवीन किट आल्यावर एकविसावा माणूस म्हणून कॉलेजचा माळी धरून आणला. त्याचा आकडा झकास आला.

हा सगळा विनोद मी निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगितला, लोक पोट धरून हसले. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. एका किटमध्ये मोजक्याच तपासण्या होतात. सरांच्या रक्ताने तीन वेळा मिळून किटमधल्या शेवटच्या जागा खाल्ल्या. त्या जागा मी पूनमसाठी राखून ठेवल्या होत्या.

पूनम श्रीगोंदा तालुक्यातली. तेवीस वर्षांची, उंच, काटक, उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालणारी. पोलीस भरतीसाठी नगरच्या एका अकॅडमीत राहून सराव करत होती. पहिल्यांदा आली तेव्हा आई बरोबर होती. आईने खुर्चीवर बसायच्या आधीच सुरुवात केली.

"काय करायचं ऱ्हायलं न्हाई बगा. कडुलिंबाचं पानी घातलं. वांगं सोडलं, अंडं सोडलं, दूध सोडलं. एका बाबानं राख दिली ती लावली. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली ती लावली. आता रक्त तेवढं द्यायचं ऱ्हायलं हुतं."

"आई, गप की," पूनम म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्याडम, ह्ये लागत न्हाई कुनाला, असं लेखी द्याल का?"

"डॉक्टरांनी सांगितलं नाही?"

"तोंडी सांगितलं. तोंडी कोन मानतंय? आमच्या हॉलमदी चौदा पोरी झोपतात. माझी गादी दारात, चपलांपाशी. कुनी काय बोलत न्हाई, फकस्त गादी सरकवत्यात. तुमच्या तपासनीत निघंल ना, की माझ्या रक्तातलंच हाय म्हनून? त्यो आकडा दाखवीन मी."

संशोधनातले आकडे पेशंटला द्यायचे नसतात, हे मला माहीत होतं. मी तेव्हा सांगितलं नाही. आमच्याकडे तीव्र इसबाचे पेशंट कमी पडत होते, तीस हवे होते आणि एकोणतीस झाले होते. एवढं मात्र केलं, की बाह्यरुग्ण विभागातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडून 'हा आजार संसर्गजन्य नाही' असा शिक्क्याचा कागद तिला आणून दिला. पूनमने तो हॉलच्या भिंतीला चिकटवला. तिची गादी दोन गाद्या आत सरकली, असं तिने नंतर सांगितलं.

या अभ्यासाची एक अट होती. रक्त द्यायच्या आधी चौदा दिवस सगळी औषधं बंद. स्टेरॉइडचं मलम नाही, खाजेच्या गोळ्या नाहीत. फक्त साधं खोबरेल लावायचं. औषधांनी पेशी शांत होतात आणि आकडा खोटा येतो, म्हणून. अट शास्त्राला धरून होती, त्यात वाद नाही. बदल्यात पुढे सहा महिने औषध फुकट आणि येण्याजाण्याचं एसटीभाडं.

पूनमने कॅलेंडरचं पान काढून टेबलावर पसरलं. तिची मैदानी चाचणी ठरलेली होती. "चवदा दिवस बंद," ती बोट फिरवत म्हणाली, "पंदराव्या दिवशी तुमाला रक्त. तितनं पुढं धा दिवस मलम लावते, धा दिवसांत माझं बसतं खाली, मला अनुभव हाय. अकराव्या दिवशी मैदान. बसतंय ना म्याडम?"

"बसतंय," मी म्हटलं. एवढा नीट आखलेला कार्यक्रम आमच्या विभागात मी कधी बघितला नव्हता.

पंधराव्या दिवशी किट नव्हतं.

सरांच्या तीन तपासण्यांनंतर मी लगेच नवीन किटची मागणी घातली होती. खरेदी विभागात भाऊसाहेब होते. हसतमुख, टेबलावर कायम विड्याचा डबा. हे किट एकच कंपनी बनवते, हे मी त्यांना लेखी दिलं होतं.

"मान्य हे बाई," भाऊसाहेब म्हणाले. "पण कोटेशनं तीन लागतात."

"एकच कंपनी बनवते तर तीन कुठून आणू?"

"मागच्या वेळी कुठून आणली होती?"

मागच्या वेळची फाईल मी बघितली. पहिलं कोटेशन कंपनीच्या पुण्यातल्या एजंटचं. दुसरं त्याच एजंटच्या मेव्हण्याचं, पत्ताही तोच, फक्त मजला वेगळा. आणि तिसरं राहुरीच्या एका खते-बियाणांच्या दुकानाचं. वर नांगराचं चित्र असलेल्या लेटरहेडवर त्यांनी 'सदर एन्झाइम किट वाजवी दरात पुरवू' असं लिहून दिलं होतं. भाऊसाहेबांची आणि त्या दुकानदाराची ओळख होती. या वेळी तो दुकानदार मुलीच्या साखरपुड्यात होता आणि दुकान बंद ठेवून गावोगाव आमंत्रणं देत फिरत होता. नांगराचं लेटरहेड मिळेना म्हणून फाईल थांबली. संशोधनाला जगभरात काय काय अडथळे येतात मला माहीत नाही. आमच्याकडे पांढऱ्या पेशी साखरपुड्यामुळे अडल्या.

पूनमला मी सांगितलं, "सोमवारी ये." सोमवारी किट आलं नाही. त्याच दिवशी सकाळी तिचा फोन आला. मागून शिट्टीचा आणि पोरींच्या पावलांचा आवाज येत होता.

"म्याडम, गुडघ्याच्या मागं चिरलंय. पळताना पाय लांब टाकला की उकलतंय. रात्री मोजे घालते हाताला, तरी खाजवते. मलम लावू का?"

संमतीपत्रात एक कलम असतं. त्रास वाढला तर पेशंटने ताबडतोब औषध सुरू करावं, आणि कुणालाही केव्हाही, कारण न सांगता, अभ्यासातून बाहेर पडता येतं. हे कलम प्रत्येक पेशंटला वाचून दाखवायचं काम माझं. त्या सकाळी फोनवर ते मला आठवलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं तर आठवलं होतं. माझ्यासमोर फळ्यावर सरांनी काढलेला आलेख होता, एकोणतीस ठिपके, आणि शेजारी खडूने लिहिलं होतं, 'एकच बाकी'. सरांनी मला शब्द दिला होता की निबंधावर माझं नाव येईल. मोठ्या लोकांच्या नावांच्या शेवटी, पण येईल. तेहतीस वर्षांत माझं नाव फक्त हजेरीपटावर आणि 'तंत्रज्ञाची चूक' याखाली आलं होतं.

मी म्हटलं, "अजून चार दिवस काढ गं."

पलीकडे पुन्हा शिट्टी वाजली. मग पूनम म्हणाली, "बरं."

ती भांडली असती तर मी नक्की नमले असते. पण ती नुसतं बरं म्हणाली.

चार दिवसांनीही किट आलं नाही. मी मोठ्या सरांकडे गेले. म्हटलं, "त्या मुलीचं मैदान आहे, तिला सोडून देऊ. दुसरी कुणी बघू." सर आरशासमोर टाय बांधत होते. म्हणाले, "बाई, चौदापेक्षा कमी दिवस चालत नाहीत, जास्त चालतात. नियम म्हणजे नियम." सरांच्या स्वतःच्या रक्ताच्या वेळी कुठलाच नियम लागला नव्हता, आणि ते मला ओठावर आलेलं असूनही बोलता आलं नाही. मी खाली आले आणि भाऊसाहेबांवर ओरडले, कारण त्यांच्यावर ओरडता येत होतं.

शेवटी नांगराचं लेटरहेड आलं, फाईल सुटली, किट आलं. ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा. दहांतला एक दिवस पूनमकडे उरला.

ती आली तेव्हा पाय फाकवून चालत होती. मी पट्टा बांधायला बाही वर केली आणि थांबले. रक्त घ्यायची जागा कोपराच्या घडीत असते, आणि तिथेच सगळं सोललेलं होतं, सुई टोचायला चांगली कातडी नव्हती. पंजाच्या पाठीवर बारीक शीर सापडली, तिथून घेतलं. मनगटावर मात्र चिकटपट्टी लावायची होती, एकदा नाही, दहादा. मी दोनदा लावली आणि वहीत दहा लिहिलं. चार वर्षांत तेवढीच एक बेइमानी केली, आणि तीही उशिरा.

"तिकडं डॉक्टरीणबाईंनी मलम काढून ठेवलंय," मी म्हटलं. "आज आणि उद्या जाडसर लाव."

"लावते," ती म्हणाली. "एका दिवसात काय हुतंय, पन लावते."

त्या दुपारी मी तिचा पट्टा उचलला. हात अजिबात हलला नाही. आकडा आला तो तिसांत सगळ्यात वरचा.

मैदानाचं मला तिच्या आईने फोनवर सांगितलं. गोळा चांगला गेला. शंभर मीटरला पाय भरून आले तरी बरी पळाली. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत गुडघ्यामागची खपली उकलली. "बसली न्हाई पोरगी," आई म्हणाली, "पर लंगडत आली. ट्रॅक पँट चिकटली हुती पायाला, पान्यानं भिजवून काढावी लागली." यादी लागली तेव्हा पूनमचं नाव तीन गुणांनी हुकलं. आईने मला दोष दिला नाही. आमच्याकडे किट नव्हतं म्हणून उशीर झाला एवढंच तिला माहीत होतं. ती उलट म्हणाली, "तुमी तरी काय करनार, सरकारी काम." आमचं कॉलेज सरकारी नव्हतं, तेही मी दुरुस्त केलं नाही.

निबंध छापून आला. शेवटी आभार मानले होते संस्थेच्या अध्यक्षांचे, सचिवांचे, आणि 'प्रयोगशाळेतील कर्मचारी वर्गाचे'. त्या वर्गात मी एकटीच होते. सरांना बढती मिळाली. आलेख मोठा करून, चौकट घालून विभागाच्या व्हरांड्यात लावला. परिषदेत सर लाल दिव्याचं टोक त्या सगळ्यात वरच्या ठिपक्यावर नाचवत म्हणाले, "धिस पेशंट इज अ ब्यूटी." मी एकदा भीत भीत सुचवलं होतं, की हा आकडा एवढा वर गेला त्यात तेवीस दिवस औषध नव्हतं याचाही हात असेल, तसं खाली लिहावं. सर म्हणाले होते, "बाई, तुम्ही पेशी मोजा."

सरांचं शास्त्र खोटं नव्हतं, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. याच विकराला आवर घालणारं मलम आता बाजारात मिळतं, आणि कुठकुठल्या प्रयोगशाळांत असेच धुरकट पट्टे उचलून कुणीतरी तिथवर पोहोचलं. आमचा ठिपका त्यात किती कामाला आला मला माहीत नाही. बहुधा नाहीच.

निवृत्त व्हायला महिना उरला होता तेव्हा पूनम फुकटच्या औषधाचा शेवटचा डबा न्यायला आली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कातडी जवळजवळ साफ, घडीत फक्त थोडा काळपटपणा.

"छान दिसतंय की," मी म्हटलं. "पळतेस का?"

"पळते. आता काय त्रासच न्हाई," ती म्हणाली. "भरती कवा निघंल ते कुनाला ठाव. तवर एका दुकानात लागलेय." मग तिने जरा आवाज खाली केला. "म्याडम, माझा आकडा काय आला हुता? कुनी सांगितलाच न्हाई."

आकडा सांगायचा नसतो. मी तिला व्हरांड्यात नेलं, चौकटीसमोर उभं केलं आणि काचेवर बोट ठेवलं. "ही तू."

पूनमने खालचे ठिपके नीट बघितले, मोजल्यासारखे. मग माझ्या बोटापाशी आली.

"सगळ्यांच्या वर?"

"सगळ्यांच्या वर."

"म्हंजी हितं तरी पयली आले म्हना की," ती म्हणाली आणि मोकळेपणाने हसली.

मला हसता आलं नाही. मला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "पूनम, त्या दिवशी तू फोन केलास ना, तेव्हा मी तुला मलम लाव म्हणायला हवं होतं. तुला केव्हाही सोडून जायचा हक्क होता. कागदावर तसं लिहिलेलं असतं. मला ते माहीत होतं आणि मी बोलले नाही."

ती अजून आलेखाकडेच बघत होती.

"मला बी ठाव हुतं की म्याडम," ती म्हणाली. "सही करायच्या आधी वाचला हुता मी कागद, सगळा. पन तुमी थांब म्हनलात."